दारातल्या बोळाला समुद्रकिनारा करायचा आहे, पण नांगर नकोत

वाळूत_रेघोट्या

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून पहिला धागा काढतेय. सांभाळून घ्या.

आमच्या घराचं दार उघडलं की आधी एक बोळ लागतो. रुंदी १२० सेंटिमीटर, लांबी २८०च्या आसपास. खिडकी नाही. उजेड येतो तो पलीकडच्या खोलीतून, तोही उरलासुरला. सध्या तिथे चपलांचा ढीग, कोणाचीच नसलेली एक छत्री आणि गेल्या घरातून आलेलं न उघडलेलं खोकं असा ऐवज आहे. बाहेरून थकून आल्यावर तिथेच पहिल्यांदा वैताग येतो.

मला तिथे समुद्रकिनाऱ्याचा भास हवाय. दार उघडल्याबरोबर खांदे सैल पडावेत, एवढंच. पण नेटवर शोधलं की लाकडी नांगर, सुकाणूचं चाक आणि ‘बीच या बाजूला’ असं लिहिलेली बाणाची पाटी. ते पाहून मला स्वतःच्याच घरात खोलीची चावी मागावीशी वाटते.

माझ्याकडे तीन गोष्टी आहेत. लहानपणापासून जमवलेले शंखशिंपले, ते गेल्या वर्षी काचेचं झाकण असलेल्या एमडीएफच्या (लाकडाचा भुसा डिंकाने दाबून केलेल्या फळीच्या) खोल चौकटीत लावून घेतले. किनाऱ्यावर सापडलेला हातभर लांबीचा लाकडाचा ओंडका. आणि भेट मिळालेली रंगीत झेंड्यांची माळ, जहाजावर असते तशी. तिन्हींचे फोटो खाली डकवलेत.

रंग कुठला, चपलांचं काय करू, आणि हे तिन्ही लावू का?

जाता जाता: चौकटीतल्या शिंपल्यांवर पांढरी भुकटी धरतेय. पुसली की महिन्याभरात परत हजर. बुरशी असेल का?

निळीशाई

गडद निळा! तिन्ही भिंती! लोक छोट्या जागेत पांढरा मारतात आणि मग ती दवाखान्यासारखी दिसते. गडद निळ्यात कोपरे दिसेनासे होतात, भिंत कुठे संपते ते कळत नाही. खोल पाण्यात असतं तसं.

आळशी_कासव

निळीशाई, तुमचं सदस्यनाम बघता तुम्ही दुसरा कुठला रंग सुचवाल अशी अपेक्षाच नव्हती. (दिवा घ्या, म्हणजे गंमत समजा.)

कोनाडा

माझं कामच घरं सजवायचं आहे, म्हणून थोडं लांबण लावते.

खिडकी नसलेल्या जागेत निळा रंग हा निळा नसतोच. दिव्याचा रंग जो असेल तो त्याला मिळतो. २७०० केल्विनच्या पिवळट दिव्याखाली फिका निळा मळकट राखाडी नाहीतर हिरवट दिसतो. रंगाच्या दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबखाली निवडलेली छटा घरी आणल्यावर लोक फसवल्यासारखे बघत राहतात ते यामुळेच. त्यामुळे आधी दिवा ठरवा, मग रंग. ३०००च्या आसपासचा दिवा घ्या आणि खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा जास्त आहे ना ते बघा. मग दोन हात लांब-रुंद पुठ्ठ्यावर रंगाचे दोन थर देऊन तो पुठ्ठा बोळात रात्री उभा करून बघा. दिवसा बघून उपयोग नाही, तुमच्या बोळात दिवस उगवतच नाही.

शुभ्र पांढराही नको. भरपूर उजेडात तो लखलखतो, पण अंधाऱ्या जागी मेल्यासारखा राखाडी पडतो. थोडी पिवळसर झाक असलेला पांढरा घ्या.

आता मूळ मुद्दा. किनाऱ्यावर उभं राहिल्यावर निळा रंग किती दिसतो ते आठवा. पायाखाली वाळू, ती कोरडी असेल तिथे फिकी, ओली असेल तिथे गडद. मग फेस, मग हिरवट करडं पाणी. निळं पाणी फार लांब असतं आणि त्याची पट्टी बोटभर रुंद. बाकी सगळं आभाळ. म्हणजे जे बोटभर आहे ते तीन भिंतींवर आणि जे सगळीकडे आहे ते कुठेच नाही, असं व्हायला नको.

निळीशाई

हे पटलं. (पण मनातून नाही.)

रंधा

चपलांचं बोला की कोणीतरी. रंगात सगळ्यांना रस असतो, चपलांना कोणी वाली नाही.

ताई, तुमची रुंदी १२०. नेहमीचं बुटांचं कपाट ३५ खोल असतं, ते ठेवलंत की चालायला ८५ उरतात. हातात सामान घेऊन आत येणारा माणूस त्यावर आपटणार. त्याऐवजी पुढच्या बाजूला तिरपं उघडणारं कपाट करून घ्या. त्यात बूट उभे राहतात, खोली १८ ते २० पुरते. चालायला मोकळे १०० मिळतात. दारांना सपाट फळी न लावता तिरप्या पट्ट्यांची लुव्हरची दारं करा. हवा खेळते, ओल्या चपलांचा वास कोंडत नाही, आणि समुद्राकाठच्या घरांच्या खिडक्या अशाच असतात, तेव्हा तुमची थीमही साधते. नांगरापेक्षा हे बरं ना?

बसायला भिंतीला बिजागरीने लावलेली, दुमडणारी फळी. जमिनीपासून ४५ सेंटिमीटर. खुंट्या मोठ्यांसाठी १६०च्या आसपास, घरात मुलं असतील तर दुसरी ओळ ९०ला. मुलांच्या खुंट्या केल्या नाहीत तर दप्तरं जमिनीवरच राहणार, मग कितीही सजवा.

एक सावधगिरी. हल्ली आडव्या फळ्यांचं पॅनेलिंग करतात, शिपलॅप म्हणून. फळीची कड पुढच्या फळीच्या कडेवर चढते, पाणी आत शिरत नाही, म्हणून ते नाव. आणि आपण काय करतो, तेच एमडीएफमध्ये कापून दारातल्या ओल्या छत्रीशेजारी लावतो. खालची कड पाणी पिऊन पावासारखी फुगते. खरं लाकूड नाहीतर पीव्हीसी, आणि फरशीपासून बोटभर वर. एमडीएफ नको.

भाडोत्री

+१ रंधा यांना. आम्हा भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना भिंतीला हात लावता येत नाही, त्यांनी काय करायचं?

कोनाडा

भाडोत्री, जमिनीवर आणि दिव्यात खेळा. मोठा आरसा भिंतीला टेकवून ठेवा, मागे घसरू नये म्हणून पायाशी रबर. जाड विणीची फिकी सतरंजी. समुद्री गवताची एक खोल टोपली. उभा दिवा भिंतीलगत, म्हणजे उजेड भिंतीवरून घासत जाईल. झालं.

डेकवरून

सत्तावीस वर्षं बोटीवर काढली, आता जमिनीवर आहे. या धाग्यावर दोन शब्द बोलायचा हक्क बनतो.

पहिला शब्द क्षितिजाबद्दल. किनाऱ्यावर उभं राहिलं की क्षितिज नेहमी आपल्या डोळ्यांच्या उंचीवर असतं. मूल असो, उंच माणूस असो, प्रत्येकाला ते आपल्याच डोळ्यांसमोर दिसतं. साधारण उंचीच्या माणसापासून ते प्रत्यक्षात साडेचार किलोमीटरवर असतं. तेव्हा भिंतीवर दोन रंग करणार असाल तर मधली रेघ कमरेशी नको, डोळ्यांशी घ्या. जमिनीपासून दीड मीटर. कमरेशी रेघ मारली की शाळेचा व्हरांडा होतो.

दुसरा शब्द झेंड्यांबद्दल. फोटो मोठा करून बघितला. ताई, ही नुसती शोभेची माळ नाही, हे आंतरराष्ट्रीय संकेतांचे झेंडे आहेत आणि प्रत्येकाला अर्थ आहे. डावीकडून पहिला, लाल-पांढरे चार चौकोन असलेला, तो इंग्रजी ‘यू’ अक्षराचा. त्याचा अर्थ: तुम्ही धोक्याच्या दिशेने येत आहात. तिसरा, पिवळे-काळे चार चौकोन, तो ‘एल’. बंदरात तो लावला तर अर्थ होतो: या जहाजावर विलगीकरण चालू आहे. पाचवा, निळा-पांढरा-निळा आडवा, तो ‘जे’: मला आग लागली आहे, धोकादायक माल आहे, लांब राहा.

दारात लावायला माळ अगदी योग्य आहे, पाहुणे कोण येणार त्यावर अवलंबून.

आळशी_कासव

मी हसून हसून उलटा झालोय. कासवाला हे परवडत नाही. ताई, माळ तशीच्या तशी लावा, काही बदलू नका.

वाळूत_रेघोट्या

अरे देवा! ही माळ ज्यांनी दिली ते आमच्याकडे वर्षातून दोनदा राहायला येतात. आता मी त्यांना कुठल्या तोंडाने ‘या’ म्हणू?

रंधा, तिरप्या कपाटाचं एकदम पटलं. दोरीचं विचारायचं राहिलं. गोल आरशाभोवती जाड दोरी गुंडाळायची आहे. कुठली घेऊ?

रंधा

ताग दिसायला छान, पण ओल लागली की काळपटतो आणि कुजतो. घायपाताची दोरी ताणाला चांगली, पण खरखरीत, आणि पाणी लागलं की तीही डागाळते. दारात ओल येणारच, तेव्हा काथ्या. नारळाच्या सोडणात लिग्निन भरपूर, म्हणून तो पाण्यात लवकर कुजत नाही. पूर्वी गलबतांवर सुंभ वापरायचे ते काय दिसायला चांगला म्हणून नव्हे. सुंभाचा पीळ जळूनही जात नाही म्हणतात, आरशाभोवती टिकेल की. सुटणारे धागे कात्रीने कापा, विस्तव लावू नका. प्लास्टिकच्या दोरीचं टोक तसं वितळवतात, काथ्याचं नाही.

आणि पायपुसणंही काथ्याचंच. दोन ठेवा: एक दाराबाहेर खरखरीत, एक आत मऊ.

तुमच्या ओंडक्याचा फोटो पाहिला. त्यात जी बोटाएवढी गोल भोकं आहेत ती वाळवीची नाहीत. समुद्रात लाकूड पोखरणारा जीव असतो, त्याला जहाजकिडा म्हणतात, पण तो किडा नसून शिंपल्याचा भाऊबंद आहे. पाण्याबाहेर तो मरतो, त्यामुळे त्याची भीती नाही. खाली ताजा लाकडाचा भुसा पडत असेल तर मात्र दुसरं कोणीतरी आत राहतंय.

खरी डोकेदुखी मिठाची. ओंडका गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, रोज पाणी बदला, आठदहा दिवस. हवेतला दमटपणा पंचाहत्तर टक्क्यांवर गेला की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. न धुतलेला ओंडका पावसाळी दिवसांत घाम फुटल्यासारखा ओला होतो आणि त्याला मारलेले खिळे गंजतात. वाळू बाटलीत भरून ठेवणार असाल तर तीही धुऊन, वाळवून.

खारा_वारा

आम्ही समुद्राला लागूनच राहतो, म्हणून खुंट्यांबद्दल सांगते. स्टेनलेस स्टीलच्या खुंट्या घेताना दर्जा ३०४ की ३१६ ते विचारा. ३१६मध्ये दोनतीन टक्के मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या हवेत ते तग धरतं. ३०४ला आमच्याकडे चहाचे डाग पडल्यासारखे तपकिरी ठिपके आले. तुम्ही समुद्रापासून लांब असाल तर ३०४ चालेल, उगाच जास्त खर्च नको.

शिवाय, पांढऱ्या पोवळ्याचा एक तुकडा मधोमध ठेवलात तर बाकी काही लागणार नाही.

गोगलगाय

उशिरा आले धाग्यावर. शिंपल्यांचा फोटो पाहून जीव कळवळला.

ताई, ती बुरशी नाही. मी अनेक वर्षं एका संग्रहालयात शिंपल्यांची कपाटं सांभाळली आहेत. याला बाईनचा रोग म्हणतात. लॉफ्टस सेंट जॉर्ज बाईन नावाच्या इंग्रज अभ्यासकाने १८९९ मध्ये त्यावर लिहिलं. त्याला वाटलं हे जिवाणूंचं काम आहे, म्हणून ‘रोग’ नाव पडलं ते पडलंच. खरं कारण आम्ल. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. लाकडातून, विशेषतः ओकमधून, अॅसेटिक आम्लाची वाफ निघते. एमडीएफमधल्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड निघतं, त्याचं पुढे फॉर्मिक आम्ल होतं. वरून तुम्ही काच घट्ट बसवलीत, म्हणजे वाफ आत कोंडली. ती दमट हवेत शिंपल्यावर बसते आणि शिंपलाच हळूहळू क्षारात बदलतो. ती पांढरी भुकटी वरून आलेली नाही, तो तुमचा शिंपला आहे. दर वेळी पुसताना तुम्ही त्याचा एक थर पुसून टाकताय.

चौकटीत शिंपले कशाने चिकटवलेत? लावताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरलं असेल तर तेही आम्लच सोडतं.

आज एवढं करा. सगळे काढा. साध्या पाण्यात भिजवून मऊ ब्रशने धुवा, ते क्षार पाण्यात विरघळतात. पूर्ण वाळू द्या, आतली पोकळी वाळायला दिवस लागतात. व्हिनेगरने चकचकीत होतात असं कोणीतरी सांगेल, ऐकू नका. गेलेली नक्षी परत येणार नाही, पण पुढचं थांबेल. नंतर काचेच्या उघड्या भांड्यात ठेवा, किंवा धातूच्या तबकात.

खारा_वारा, पोवळं नको हो. कठीण पोवळी ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय करारात आहेत, परवान्याशिवाय सीमेपलीकडे नेता येत नाहीत. कॅरिबियनमधला गुलाबी ओठांचा मोठा क्वीन काँच १९९२ पासून, समुद्रघोडे २००४ पासून. दुकानात मिळालेला वाळवलेला समुद्रघोडा कुठून आला ते विकणारा सांगत नाही. आणि रिकामा शिंपलासुद्धा खरं तर रिकामा नसतो, शंखातला खेकडा घर बदलताना तो शोधत असतो. मीही लहानपणी खिसे भरून आणले आहेत, म्हणून उपदेशाचा अधिकार कमी.

वाळूत_रेघोट्या

हो, सिलिकॉनच वापरलं होतं. आणि वास अगदी व्हिनेगरचाच होता, मला वाटलं सुकल्यावर गेला.

आत्ता सगळे काढले. आजीने दिलेली एक कवडी होती, तिची पाठ पूर्वी आरशासारखी गुळगुळीत होती. आता खडूसारखी लागतेय. बोटाला पांढरं येतंय.

गोगलगाय

ती कवडी धुवून वाळल्यावर पाठीवर जरासं शुद्ध मिनरल ऑइल बोटाने लावा, अगदी पुसट. चमक थोडी परतल्यासारखी दिसेल. लाखेचं वॉर्निश नको, ते पिवळं पडतं.

निळीशाई

मी माघार घेतलेली नाही, फक्त आकार कमी केलाय. पायपुसण्यापासून आत जाणारी लांब सतरंजी पट्ट्यांची घ्या. फ्रेंच नौदलाने १८५८ मध्ये खलाशांच्या सदऱ्याचे पट्टे ठरवून दिले, पांढरा २० मिलिमीटर, निळा १०. म्हणजे निळा पांढऱ्याच्या निम्मा. हे प्रमाण पाळलं तर पट्टे डोळ्यात घुसत नाहीत. समान रुंदीचे घेतलेत तर तुरुंगाची आठवण येते.

कोनाडा

निळीशाई, हे झकास. मी चोरणार.

ताई, उजेडाबद्दल राहिलं. छतावरचा एकच दिवा मधोमध असेल तर तो बंद ठेवायची सवय लावा. संध्याकाळी किनाऱ्यावर उजेड आडवा येतो, वाळूवरची प्रत्येक पावलाची खूण दिसते. तसा उजेड हवा. भिंतीपासून वीतभर अंतरावर दोन छोटे दिवे, आणि त्या भिंतीला जरा खरखरीत पोत. रेघेच्या खालचा रंग ओल्या वाळूचा घ्या, सॅटिन फिनिशमध्ये, म्हणजे बुटांचे डाग पुसता येतील. वरचा मॅट.

हवेवर वाढणारी टिलँडसिया शिंपल्यात ठेवायची फॅशन आहे, तुमच्याकडे नको. तिला उजेड लागतो, दोन महिन्यांत वाळेल. आणि आरसा दाराच्या समोर नको, पलीकडच्या खोलीचा उजेड पकडेल अशा बाजूच्या भिंतीवर. बोटीच्या खिडकीएवढे चिमुकले गोल आरसे मिळतात, त्यात नाक सोडून काही दिसत नाही. निदान ६० सेंटिमीटरचा घ्या.

वाळूत_रेघोट्या

दोन महिन्यांनी धागा वर काढतेय. काम झालं!

रेघ १५० सेंटिमीटरवर. मास्किंग टेप लावताना पाणसळ न वापरता नजरेने लावला, म्हणून एका टोकाला समुद्र बोटभर कलला. एक पूर्ण दिवस पुन्हा रंगवण्यात गेला. खाली ओल्या वाळूचा रंग, वर पिवळसर पांढरा. निळा फक्त सतरंजीत, निम्म्याच्या हिशेबाने. तिरपं कपाट बसलं, त्यात सोळा जोड मावतात, आमच्याकडे एकोणीस निघाले. छत्री अजून कोणाचीच नाही.

ओंडका नवव्या दिवशी पाणी चाखून बघितलं तेव्हा कुठे अळणी लागलं. आता त्यावर चार खुंट्या आहेत. आरशाभोवती सुंभ, गुंडाळताना हात सोलवटले.

शिंपल्यांतले अर्धे काचेच्या भांड्यात आहेत. उरलेले पुढच्या वेळी जाईन तेव्हा किनाऱ्यावर परत ठेवणार आहे. कवडी मात्र कपाटावर एकटी ठेवलीय. खडबडीत पाठ वर करून. तेल नाही लावलं.

माळ सोडवली. डेकवरून, तुम्ही म्हणाल म्हणून आधीच सांगते, दारात एकच झेंडा लावलाय, निळ्यावर मधोमध पांढरा चौकोन असलेला. पुस्तकात बघून घेतला.

डेकवरून

‘पी’. बंदरात हा चढला की अर्थ: सर्वांनी जहाजावर हजर व्हावं, जहाज निघतंय. सकाळी घराबाहेर पडायच्या गडबडीत याहून योग्य झेंडा नाही.

वाळूत_रेघोट्या

मुलगा रोज विचारतो, ‘जहाज निघालं का?’ आणि तरीही बूट शोधत बसतो. बाकी, उलटा तर नाही ना लावला मी?

डेकवरून

‘पी’ उलटा लागूच शकत नाही. तेवढी सोय आहे.